रिस्टोअर केलेली लोटस एलान घेताय? आधी उलट बाजू बघा

"बॉडी फायबरग्लासची आहे, गंजायचा प्रश्नच नाही." जुन्या लोटस एलानची, म्हणजे साठच्या दशकातल्या त्या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची, जाहिरात बघून फोन केला की पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य येतंच. वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. गंजत नाही ती वरची कातडी. तिच्याखाली पत्र्याची चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, असते आणि ती व्यवस्थित गंजते. शिवाय त्या कातडीलाही तिचे स्वतःचे आजार असतात. पत्र्याच्या गाड्या बघून तयार झालेल्या नजरेला ते दिसत नाहीत.

मी इंग्लंडमध्ये मिडलंड्सला राहतो. एक एलान चुकीची घेऊन बसलो, दुसरी बरी मिळाली. तेव्हापासून ओळखीतलं कुणी अशी गाडी बघायला निघालं की मला सोबत नेतं. दर वेळी तेच ते सांगावं लागतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतोय.

आपण नक्की काय बघतोय?

एलान १९६२ साली आली. त्याआधीच्या लोटस एलीटमध्ये फायबरग्लासची बॉडी हाच गाडीचा सांगाडा होता. ती देखणी होती, पण बनवायला इतकी महाग की कंपनीला परवडेना. एलानच्या वेळी लोटसचा डिझायनर रॉन हिकमन याने वाट बदलली. मधोमध पत्रा घडी घालून केलेला पोकळ कणा, त्याला पुढे-मागे फाटे, आणि त्यावर टोपीसारखी बसवलेली फायबरग्लासची बॉडी. हा कणा मुळात फक्त सस्पेन्शनच्या चाचणीपुरता जोडून घेतला होता, तो इतका चांगला निघाला की तोच कायम झाला, असं सांगतात. गाडीचं वजन साडेसहाशे-सातशे किलोच्या घरात, म्हणजे आपल्या मारुती ८०० च्या आसपास. इंजिन १५५८ सीसीचं ट्विन कॅम. ब्लॉक फोर्डचा, वरचं ॲल्युमिनियमचं हेड लोटसचं. ताकद सुरुवातीला १०५ अश्वशक्ती, शेवटच्या स्प्रिंट मॉडेलमध्ये १२६. दोन सीटांची एलान १९७३ पर्यंत निघाली. मागे छोटी सीट असलेली लांबट प्लस टू ही तिची बहीण, ती १९६७ पासूनची.

यातलं एकच डोक्यात ठेवा: बॉडी वेगळी आणि चॅसिस वेगळी. "पूर्ण रिस्टोअर" म्हणजे बॉडी चॅसिसवरून उचलून दोन्हींवर स्वतंत्र काम केलेलं. बॉडी न उचलता वरून रंग मारला असेल, तर त्याला रंगकाम म्हणायचं.

जाहिरात वाचताना

"नो एक्स्पेन्स स्पेअर्ड", "नट अँड बोल्ट रिस्टोरेशन" हे शब्द सोडून द्या आणि तारखा शोधा. काम कधी झालं आणि त्यानंतर गाडी किती मैल चालली? पाच वर्षांपूर्वी रिस्टोअर होऊन तीन-चार हजार मैल चाललेली गाडी मी कालच रंगवून बाहेर काढलेल्या गाडीपेक्षा कधीही पसंत करेन. फायबरग्लासवरच्या वाईट कामाचं पितळ उघडं पडायला एखाद-दोन उन्हाळे लागतात. पाच वर्षांच्या गाडीने ती परीक्षा दिलेली असते. ताज्या गाडीची परीक्षा तुमच्या पैशांनी होते.

मग फोन. माझे तीनच प्रश्न असतात. बॉडी चॅसिसवरून काढली होती का? जुना रंग कशाने काढला? कामाचे फोटो आहेत का? दुसऱ्या प्रश्नाला विकणारे गोंधळतात, आणि ते गोंधळावेत म्हणूनच तो विचारायचा. जुना रंग हाताने घासून, किंवा फायबरग्लाससाठीच्या सौम्य स्ट्रिपरने काढावा लागतो. लोखंडासाठीचं जळजळीत स्ट्रिपर वापरलं तर ते रंगाबरोबर खालच्या रेझिनलाही, म्हणजे काचतंतू धरून ठेवणाऱ्या चिकट मालालाही, खातं. "बॉडीशॉपने काढला, मला माहीत नाही" हे उत्तर प्रामाणिक असू शकतं, पण मग त्या बॉडीशॉपचं बिल तरी फाइलमध्ये हवं.

फोटो मागताना चकचकीत गाडीचे नकोत. रंग उतरवलेल्या, ठिगळं दिसणाऱ्या, कुरूप अवस्थेतल्या गाडीचे हवेत. मन लावून काम केलेला माणूस असे दोनशे फोटो दाखवतो आणि त्यातल्या चाळिसांवर भाषणही देतो. ऐकून घ्या.

कागदपत्रं

ब्रिटनमध्ये गाडीचं लॉगबुक म्हणजे व्ही५सी. त्यातला चॅसिस नंबर आणि इंजिनच्या खणातल्या प्लेटवरचा नंबर एकच हवा. इंजिन नंबरही जुळवा. पहिल्या नोंदणीची तारीख आणि गाडीचं मॉडेल यांत थोडं अंतर दिसलं तर लगेच घाबरू नका. त्या काळी लोटस सुट्या भागांच्या रूपातही मिळायची. तशी घेऊन घरी जोडली की परचेस टॅक्स वाचायचा. एप्रिल १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत संपली. अशी घरी जोडलेली गाडी नोंदणीआधी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये काही महिने अर्धवट पडून राहिलेली असू शकते.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स भरावा लागत नाही, आणि तिच्यात मोठे फेरफार केलेले नसतील तर वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. ऐकायला छान वाटतं, पण यामुळेच कित्येक गाड्या वर्षानुवर्षं तिसऱ्या माणसाने न बघता फिरतायत. सक्ती नसताना दरवर्षी एमओटी करून घेणारा मालक भेटला तर त्याच्या नावाला मनात एक गुण द्या. नंबरप्लेटवरून एमओटीचा ऑनलाइन इतिहास फुकट बघता येतो. त्यात मैलांचे आकडे आणि तपासनिसाचे शेरे असतात. "पुढे गंज" असा शेरा एका वर्षी आहे, पुढच्या वर्षी नाही, आणि मध्ये दुरुस्तीचं बिलही नाही, तर प्रश्न विचारायचा.

गाडी स्प्रिंट म्हणून विकायला असेल तर आणखी सावध राहा. साध्या एस४ ला, म्हणजे स्प्रिंटच्या आधीच्या एलानला, दोन रंगांचा पट्टा मारून स्प्रिंटचा साज चढवणं अवघड नाही आणि किमतीत मात्र चांगला फरक पडतो. लोटसकडून कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून प्रमाणपत्र पैसे भरून मिळतं. ते नसेल तर सौदा त्यावर अवलंबून ठेवा.

कातडी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आपल्याकडे सेकंडहँड गाडी बघायला जाताना काकालोक खिशात लोहचुंबक ठेवतात. चुंबक चिकटला नाही तिथे पुट्टी. इथे तो घरीच ठेवा, कारण तो कुठेच चिकटणार नाही. रंगाची जाडी मोजणारं नेहमीचं मीटरही धातूवरच चालतं, फायबरग्लासला अल्ट्रासोनिक लागतं. म्हणून सोपी रीत वापरायची. माठ घेताना वाजवून बघतो तशी बॉडी वाजवायची. बोटाच्या पेराने दर चार इंचांवर हलकेच टकटक करत पुढच्या मडगार्डपासून मागे जा. चांगल्या लॅमिनेटचा (काचतंतू आणि रेझिनच्या थरांचा) आवाज एकसारखा, थोडा टणक येतो. पुट्टीचा थर असेल तिथे तो बद्द होतो. थर एकमेकांपासून सुटले असतील तिथे पोकळ, कागदी आवाज येतो. पहिल्या गाडीला हे कळत नाही, तिसऱ्या गाडीला कान तयार होतो.

मग प्रकाश. गाडी शोरूमच्या दिव्यांखाली बघूच नका. बाहेर काढायला सांगा, आणि ऊन तिरकं असताना बॉडीच्या बाजूने डोळा लावून लांबवर नजर टाका. लाटा दिसतात का? रंगाखालून धाग्यांची जाळी उमटलीय का? बारीक पुरळासारखे फोड आहेत का? फोड हे वाईट लक्षण. लॅमिनेटमध्ये ओल किंवा थिनर अडकलेला असताना घाईने रंग मारला आणि भट्टीत तापवला की ते असे वर येतात. त्यावर वरवरचा इलाज नाही, रंग पुन्हा मुळापर्यंत उतरवावा लागतो.

सगळ्यात ओळखीचा आजार म्हणजे ताराभेग. फायबरग्लासच्या वरच्या कडक थराला जेलकोट म्हणतात. आतून दगड उडून आपटला, कुणी बॉनेटवर हात टेकून जोर दिला, की एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा फुटतात. बिजागऱ्यांच्या आसपास, बॉनेटच्या कोपऱ्यांत, उघडमीट होणाऱ्या दिव्यांच्या खोबणीभोवती आणि चाकांच्या कमानींवर त्या हमखास असतात. खरा उपाय म्हणजे भेग खालच्या लॅमिनेटपर्यंत घासून उघडायची, काचतंतूचा नवा थर रेझिनमध्ये भिजवून बसवायचा, तो पुरता सुकू द्यायचा आणि मगच रंग. खोटा उपाय म्हणजे रेघेत पुट्टी भरून वर रंग. दुपारी चारला दोन्ही उपाय सारखेच दिसतात. माझ्या पहिल्या गाडीवर असाच खोटा उपाय झाला होता. फेब्रुवारीत घेतली तेव्हा आरसा होता. ऑगस्टमध्ये डाव्या दिव्याच्या मागे केसाएवढी एक रेघ आली, दिवाळीपर्यंत अकरा झाल्या. मोजल्या होत्या.

हा फरक विकत घेण्याआधी कळतो, कारण बॉडीला उलट बाजू असते. पैठणी पारखणारी बाई पदर उलटा करून बघते ना, तसंच. टॉर्च घ्या, जुनी चादर अंथरा आणि चाकांच्या कमानींत डोकं घाला. बॉनेट आणि डिकीच्या झाकणाच्या आतूनही बघा. मूळ बॉडीची आतली बाजू खडबडीत असते, तंतूंचा पसारा रेझिनमध्ये दिसतो आणि वर्षांनी ती मळकट झालेली असते. दुरुस्ती झालेल्या जागी नवी, वेगळ्या रंगाची चटई दिसते. ती मोठी असेल, कडा पसरत पातळ होत गेलेल्या असतील, तर कारागीर जाणता होता. पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना मोठे जोड दिसले आणि विकणारा "कधीच ठोकली नाही" म्हणत असेल, तर त्याला टॉर्च द्या आणि तुम्ही उभे राहा.

सगळीकडे काळा जाड अंडरसील, म्हणजे खालचं सगळं झाकणारा लेप, नुकताच फासलेला असेल तर? मी परत येतो. आतापर्यंत दोनदा आलोय.

दरवाजे उघडून टोकाशी हलकेच उचलून बघा. बिजागऱ्यांचा भार फायबरग्लासमध्ये रोवलेल्या धातूच्या तुकड्यांवर असतो. तिथली खिळी गंजली किंवा रोवलेली जागा सैल झाली की दरवाजा लटकतो आणि बंद करताना उचलून लावावा लागतो. नव्या रंगाच्या गाडीचा दरवाजा लटकत असेल तर रंगाचा खर्च दाखवण्यापुरता झालाय, इतकं समजा. प्लस टूमध्ये उंबऱ्यांच्या आत पोलादी पट्ट्या असतात, सीटबेल्ट त्यांनाच धरलेले. त्या गंजल्यात की नाही हे जीवाशी संबंधित काम आहे, ते तपासल्याशिवाय सौदा नाही.

कणा

गाडी रॅम्पवर घ्या. जवळच्या कुठल्याही गॅरेजला थोडे पैसे दिले की अर्धा तास रॅम्प मिळतो. विकणारा याला नाही म्हणाला तर तिथेच विषय संपला.

सगळ्यात आधी पुढचा आडवा भाग आणि त्यावरचे दोन उभे बुरुज, जिथे पुढचं सस्पेन्शन बसतं. पुढचे दिवे व्हॅक्यूमवर उघडतात आणि त्या व्हॅक्यूमची टाकी म्हणून लोटसने चॅसिसचाच हा पोकळ आडवा भाग वापरला. कल्पना भन्नाट. पण बुरुजांत पाणी साठतं, निचऱ्याची भोकं चिखलाने बुजतात आणि पत्रा आतून सडतो. भोकात वायर घालून बघा, आरपार गेली पाहिजे. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ठोका. दिवे हळूहळू उघडत असतील किंवा इंजिन बंद केल्यावर लगेच दम सोडत असतील, तर एखादी रबरी नळी चिरलेली असेल नाहीतर टाकीलाच भोक असेल. दोन्हींच्या बिलात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बहुतेक रिस्टोअर केलेल्या गाड्यांत चॅसिस बदललेली असते, आणि ते चांगलंच. लोटसची जस्त चढवलेली बदली चॅसिस असेल तर उत्तम. स्पायडर कंपनीची नळ्यांची चॅसिस असेल तर गाडी भक्कम असते, पण मूळपणाला जपणारा पुढचा गिऱ्हाईक नाक मुरडेल. ते किमतीत आत्ताच वळतं करून घ्या. चॅसिस कधी बदलली याचं बिल हवं.

एक टेप खिशात ठेवा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. दोन सीटांच्या गाडीत साधारण २१३ सेंटिमीटर यायला हवं आणि मुख्य म्हणजे दोन्हीकडे सारखं. स्टीअरिंग सरळ ठेवून मोजा, नाहीतर आकडे उगाच घाबरवतील.

इंजिन आणि आग

इंजिन थंड असताना पोहोचा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर चहा मागा आणि थांबा.

ट्विन कॅमची दुखरी नस म्हणजे वॉटर पंप. तो पुढच्या टायमिंग कव्हरमध्येच बसवलाय, त्यामुळे पंप बदलायचा तर हेड उतरवून अर्धं इंजिन मोकळं करावं लागतं. पंख्याची पुली बोटांनी धरून पुढे-मागे, वर-खाली हलवा. लटपटली, किंवा खाली पाण्याचा ओघळ सुकून पांढरा डाग पडला असेल, तर पंप जाणार. पट्टा गरजेपेक्षा ताणला की तो आणखी लवकर जातो. काही जणांनी कार्ट्रिज पद्धतीचा पंप बसवलेला असतो, तो पुढच्या वेळी इंजिन न खोलता बदलता येतो. मला तो फेरफार मान्य आहे. गरम इंजिनावर, चालत्या वेगात ऑइल प्रेशर ३५-४० पीएसआयच्या आसपास स्थिर राहिलं की बाकी इंजिनाची मला फारशी चिंता वाटत नाही, भाग सगळे मिळतात.

चिंता वाटते ती पेट्रोलची. डिस्ट्रिब्युटर बरोबर कार्ब्युरेटरच्या खाली आहे. वरून थेंब पडला तर खाली ठिणगी, आणि फायबरग्लास पेटलं की विझवायला वेळ मिळत नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात. नळ्यांवर छापलेला दर्जा आणि तारीख वाचा, वास घ्या, कार्ब्युरेटरच्या बुडाला बोट लावून बघा. गाडीत अग्निशामक आहे का तेही बघा. तो लोंबता नको, नीट बसवलेला हवा.

वायरिंगबद्दल एवढंच: बॉडीतून वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी काळी तार लागते. इंडिकेटर लावल्यावर मागचा लाल दिवाही लुकलुकत असेल तर अर्थिंग (परतीची तार) कच्चं आहे. स्वस्तातलं काम आहे, पण किंमत पाडायला बरं पडतं.

चालवून बघताना

मागच्या चाकांना ताकद पोहोचते ती रोटोफ्लेक्स नावाच्या रबरी कपलिंगांतून, प्रत्येक बाजूला दोन. क्लच सोडताना ती आधी पिळली जातात आणि मग गाडी पुढे ढकलतात, म्हणून नवखा माणूस पहिल्या गिअरमध्ये बेडूकउड्या मारतो. थोडं असं होणारच. पण रॅम्पवर असताना रबराला चिरा किंवा धातूपासून सुटलेलं रबर दिसलं तर चालवायलाच जाऊ नका. अनेकांनी त्याऐवजी सांध्यांचे पक्के शाफ्ट बसवलेत. रोज चालवणाऱ्याला ते सोयीचे, शुद्धतावाद्याला अब्रह्मण्यम्.

बाकी, चांगली एलान खड्ड्यांवरून आदळत नाही, अंग चोरून जाते. ताठ, खडखडाटी वाटली तर कुणीतरी जाड स्प्रिंगा घालून "सुधारणा" केलीय.

पैसे

डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक कायद्यानुसार सदोष गाडी तीस दिवसांत परत करता येते. खाजगी माणसाकडून घेतली तर हे संरक्षण नाही, गाडी वर्णनाप्रमाणे असावी एवढंच. म्हणून जाहिरातीचा मजकूर फोटोंसकट जपून ठेवा. "चॅसिस बदललेली" हे जाहिरातीत लिहिलं असेल आणि नसेल, तर तोच तुमचा पुरावा.

भाव करताना एक हिशोब मनात असू द्या: इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन सगळं मोजूनमापून दुरुस्त होतं. बॉडीचं काम तासांवर असतं आणि तासांना अंत नसतो. त्यामुळे इंजिन थकलेली पण बॉडी खणखणीत अशी गाडी घ्या. उलट असेल तर सोडा. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी तिला साठ वर्षांचं भंगार समजेल.

पुण्या-मुंबईला न्यायची असेल तर ब्रिटनची गाडी उजव्या स्टीअरिंगची, ही पहिली अडचण मिटते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना भारतात आयातीची वाट आता मोकळी आहे, आणि २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. तिचं शुल्क वीस हजार रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. खरा घाव कस्टम ड्युटीचा. गाडीचे पैसे देण्याआधी कस्टम एजंटकडून आकडा लेखी घ्या. फायबरग्लासची दुरुस्ती मात्र तिकडे अशक्य नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या फायबर होड्या बनवणारे आणि दुरुस्त करणारे कसबी हात आहेत, रेझिन-चटईचं काम ते झोपेत करतील. आरशासारखी सफाई आणणारा रंगारी वेगळा शोधावा लागेल.

घरी आणल्यावर लगेच दोन कामं करा. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदला, विकणाऱ्याने बदलल्या म्हटलं तरी. आणि जॅक कुठे लावायचा याच्या खुणा चॅसिसवर रंगाने करून ठेवा. टायरवाला पोरगा सवयीने तो बॉडीच्या काठाखाली घालतो, आणि कट्ट असा आवाज आला की मग बोलून उपयोग नसतो. पाहुणे येतात, गाडीशेजारी उभं राहून फोटो काढतात, ते ठीक. बॉनेटवर कोपर टेकवायला निघालेल्या मेहुण्याला मात्र मी सरळ हात धरून बाजूला करतो. तो अजून रागावलेला आहे.